कुलूप अर्ध्यावर का थांबते?

जुन्या गाडीचे सेंट्रल लॉक सहसा एका दिवसात बंद पडत नाही. आधी एखादे मागचे दार चुकारपणा करू लागते. चावी फिरवली की तीन दारांच्या खुंट्या खाली जातात, चौथी निम्म्यावर थांबते. सकाळच्या गारव्यात सगळे ठीक चालते आणि दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीत, तीच खुंटी हलायला तयार नसते. इंजिन चालू असताना कुलूप लागते, बंद केले की लागत नाही. महिना-दोन महिने असे गेले की मालकाला ती खुंटी बोटाने दाबायची सवय होते, आणि शेवटी गॅरेजमध्ये एका वाक्यात निकाल लागतो: मोटर जळली, बदलावी लागेल.

हा निकाल बऱ्याचदा घाईचा असतो. खरोखर जळलेली मोटर सकाळी चालून दुपारी रुसत नाही. ती कायमची गप्प होते. जी कधी चालते आणि कधी अर्ध्यावर थकते, तिची तांब्याची गुंडाळी बहुधा शाबूत असते. एक तर तिच्यापर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही, नाही तर तिच्या ताकदीच्या मानाने कुलपाचा भारच वाढलेला असतो. या दोन्ही गोष्टी थोड्या सामानात दुरुस्त होतात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून जुनी गाडी चालवत राहणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, आणि बंद झालेल्या मॉडेलचे नवे कुलूप मिळेलच याची खात्री कोणताही दुकानदार देत नाही. म्हणून आतले यंत्र समजून घेतलेले बरे.

दारांना विजेने कुलूप लावायची कल्पना वाटते त्याहून जुनी आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या स्क्रिप्स-बूथ कंपनीने १९१४ मध्येच तशी सोय दिली होती. ती तेव्हा रुळली नाही. १९५६ मध्ये पॅकार्डने ती पुन्हा आणली आणि हळूहळू महागड्या अमेरिकी गाड्यांत ती नेहमीची झाली. जर्मनीत मर्सिडीजने वेगळी वाट धरली. १९७६ मध्ये आलेल्या तिच्या डब्ल्यू-१२३ मालिकेत कुलपे हवा ओढून चालवली जात. इंजिन चालताना तयार होणारा निर्वात एका टाकीत साठवायचा, बारीक नळ्यांतून तो प्रत्येक दारापर्यंत न्यायचा आणि तिथल्या रबरी पडद्याने कुलपाची सळई हलवायची. डिझेल गाड्यांत इंजिन बंद करण्याचे कामही हाच निर्वात करी. त्यामुळे एखाद्या दारातला पडदा फाटून निर्वात गळू लागला, की कधी कधी चावी फिरवूनही इंजिन धडधडतच राही. पुण्यात १९९५ पासून जुळणी झालेल्या डब्ल्यू-१२४ ई-क्लासमध्येही कुलपे हवेवरच चालत. फक्त त्यासाठी विजेवर चालणारा स्वतंत्र पंप आला. त्या गाड्या आजही जपणाऱ्यांना कुलूप बिघडल्यावर मोटरीपेक्षा गळका रबर शोधावा लागतो.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत मात्र प्रत्येक दारात एक छोटी विजेची मोटर असते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ला सेंट्रल लॉक नव्हते. पुढे असंख्य छोट्या गाड्यांना ते बाहेरून बसवून घेतले गेले: बाजारातून किट आणायचे, चार दारांत चार मोटरी बसवायच्या आणि डॅशबोर्डखाली रिलेचा एक डबा लावायचा. कारखान्यातून सेंट्रल लॉक घेऊन आलेल्या गाड्यांत रचना जरा नेटकी, वायरिंग जास्त बंदिस्त, पण तत्त्व तेच.

साध्या दारातल्या मोटरीला दोनच वायरी असतात. एरवी किटमधल्या या दोन्ही वायरी अर्थला जोडलेल्या असतात. कुलूप लावायचे असेल तेव्हा रिले त्यांतल्या एकीला साधारण अर्धा सेकंद १२ व्होल्ट देतो. उघडायचे असेल तेव्हा दुसरीला. करंटची दिशा उलटली की मोटर उलटी फिरते, एवढ्यावर सगळे चालते. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरीला मात्र पाच वायरी असतात. दोन मोटरीच्या, आणि तीन आतल्या एका छोट्या स्विचच्या. चावी फिरवली किंवा खुंटी दाबली, की तो स्विच रिलेच्या डब्याला खबर देतो आणि डबा बाकीच्या दारांना हुकूम सोडतो. या पाच वायरींचे महत्त्व पुढे कळेल.

मोटरीच्या पांढऱ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या कवचात आत डोकावले तर अंगठ्याएवढी एक मोटर, तिच्या दांड्यावर छोटी दातेरी चकती, मग नायलॉनचे एक-दोन गिअर आणि शेवटी कुलपाची सळई ढकलणारा दांडा किंवा पंजा दिसतो. गिअरमुळे मोटरीचा वेग उतरतो आणि जोर चढतो. जपानी बनावटीच्या कुलपांत ही मोटर पुष्कळदा माबुची कंपनीची असते. खेळण्यांच्या मोटरींपासून वाढलेली, १९५४ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी. तिच्या एफसी-२८० जातीची मोटर इतक्या गाड्यांच्या दारांत आहे, की पूर्ण कुलूप न बदलता आतली एवढीच मोटर बदलणारे दुरुस्तीवाले जगभर तिला नंबराने ओळखतात.

या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वेगळीच आहे. मोटर मेली, बॅटरी उतरली, वायर तुटली, तरी चावीने आणि आतल्या खुंटीने दार उघडलेच पाहिजे. म्हणून गिअरची मांडणी अशी असते, की हाताने खुंटी ओढली तर मोटर आडवी येत नाही. काही रचनांत हात लावताच मोटर उलटी फिरून वाट देते, काहींत काम संपल्यावर गिअर मोकळा होतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत काही जणांचा बंद गाडीतच मृत्यू झाला. दारावर बाहेरून दाबणाऱ्या पाण्याशी माणसाचा जोर पुरत नाही, आणि पाण्यात वीज गेली की पॉवर विंडोही खाली येत नाही. त्यानंतर गाडीत हातोडी ठेवण्याचा सल्ला घरोघर पोहोचला. कुलूप दुरुस्त करणाऱ्यानेही यातून एक काम स्वतःच्या अंगावर घ्यावे: काम झाल्यावर बॅटरीची एक तार काढून प्रत्येक दार आतून नुसत्या हाताने उघडून पाहायचे. मोटर जोरात चालते पण खुंटी हाताला जड लागते, अशी दुरुस्ती झालेली गाडी ताब्यात घेऊ नये.

बिघाड शोधताना पहिले हत्यार कान. चारही दारे मेली असतील आणि डॅशबोर्डखाली काहीच आवाज नसेल, तर दार उघडायची गरजच नाही; फ्यूज, रिलेच्या डब्याचा करंट किंवा त्याची अर्थ पाहावी. डब्यात टक असा आवाज येतो आणि एकच दार हलत नाही, तर दोष त्या दाराच्या वायरीत, मोटरीत किंवा कुलपात. दारातून घरघर ऐकू येते पण खुंटी जागची हलत नाही, तेव्हा मोटर ठणठणीत आहे आणि नायलॉनच्या गिअरचे दात गेलेत किंवा सळईचा स्क्रू ढिला झाला आहे. मागचे दार बाहेरून उघडते आणि आतून नाही, ही तक्रार घेऊनही लोक येतात. तिथे आधी दाराच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका पाहावा.

मधली जागा विसरता कामा नये. दार आणि गाडीच्या अंगामध्ये, बिजागरीजवळ, एक रबरी नळी असते. तिच्यातून सगळ्या वायरी दारात शिरतात आणि दार उघडले-मिटले की दर वेळी वाकतात. वीस वर्षांत तिथले तांबे आतल्या आत तुटते आणि वरचे प्लॅस्टिक जसेच्या तसे राहते. दार अर्धे उघडून कुलूप चालवून पाहिले आणि एका कोनात चालते, दुसऱ्यात नाही, असे झाले तर मोटरीला हात लावण्याआधी ती नळी सरकवून वायर तपासावी.

आता सगळ्यात फसवी चाचणी. मोटरीच्या वायरी जोडणारा कपलर काढून मल्टिमीटर लावला, कुलूप दाबले, मीटरने १२ व्होल्ट दाखवले. म्हणजे करंट येतो आहे, मोटर खराब! हे अनुमान चुकीचे ठरू शकते, आणि का ते ओमच्या नियमात आहे. समजा थांबलेल्या अवस्थेत मोटरीचा रोध २ ओम आहे. १२ व्होल्टला तिच्यातून ६ अँपिअर वाहतील आणि सुरुवातीचा जोर त्या करंटच्या प्रमाणात असेल. आता कुठे तरी गंजलेल्या कपलरने, अर्धवट तुटलेल्या वायरीने किंवा रिलेच्या जळक्या टोकांनी आणखी २ ओमची भर घातली. करंट ३ अँपिअरवर येतो, जोर निम्मा होतो, खुंटी अर्ध्यावर थांबते. पण मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे त्या २ ओमवर व्होल्टेज पडतच नाही आणि मीटर निर्धास्तपणे १२ दाखवतो.

जुने वायरमन म्हणून बल्बवर विश्वास ठेवतात. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढतो. तो मोटरीच्या जागी कपलरला लावून कुलूप चालवले आणि झगझगीत उजेड पडला, तर इथपर्यंतचा रस्ता बरा आहे. मिणमिणला, तर दोष मोटरीच्या आधीच्या रस्त्यात आहे. अर्ध्या सेकंदाच्या झटक्यात डिजिटल मीटरचे आकडे स्थिरावतही नाहीत, बल्ब मात्र लगेच खरे सांगतो. नव्या गाड्यांत मात्र एक पथ्य: दाराजवळ पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना बल्ब तर नाहीच, मीटरही लावू नये.

रस्ता बरा निघाला की दाराचे पॅड उतरवायचे. काच पूर्ण वर घ्यावी. मुठीमागचे, खिशातले, कधी प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेले स्क्रू आधी काढावेत. हाताने फिरवायची काच असेल तर हँडलमागची क्लिप जुन्या कापडाची पट्टी घासून सुटते. मग पॅड कडेने ओढले की प्लॅस्टिकच्या क्लिपा एकेक निघतात. जुन्या गाडीत दोन-चार तुटणारच, म्हणून आधीच आणून ठेवाव्यात. पॅडमागे चिकटवलेला पॉलिथीनचा कागद येतो. तो फाडू नये. दाराच्या पत्र्याच्या कडा आतून धारदार असतात, मनगट कापते; जाड बाह्यांचा सदरा घातलेला चांगला.

मोटर सोडवल्यावर पहिले काम तिची नव्हे, कुलपाची परीक्षा. सळई सुटी असताना खुंटी बोटाने वर-खाली करून पाहावी. ती एका बोटाने सहज सरकायला हवी. वीस वर्षांचे ग्रीस धुळीसह मेणासारखे घट्ट झाले असेल तर कितीही नवी मोटर बसवा, तीही वर्षभरात थकणार. कुलूप साफ करून जुने ग्रीस काढावे आणि पातळ थर नवा द्यावा. गिअर नायलॉनचे असल्यामुळे पांढरे लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस ठीक. पेट्रोलने धुणे टाळावे. जितक्या दारांची तक्रार मोटरीवर जाते, त्यातल्या बऱ्याच दारांत एवढ्या स्वच्छतेनेच खुंटी पुन्हा टकाटक चालू लागते. हे काम दिसायला फुटकळ आहे, म्हणून ते टाळले जाते.

त्यानंतर मोटर. बॅटरीला दोन तारा लावून तिला क्षणभर चालवून पाहावे, एका सेकंदापेक्षा जास्त नाही. सावकाश फिरली, किंवा दांडा बोटाने किंचित फिरवल्यावरच सुरू झाली, तर दोष आत आहे. दोन टोकांत मीटर लावून दांडा हळूहळू फिरवावा. चांगल्या मोटरीचा रोध काही ओममध्ये राहतो. खराब मोटरीचा आकडा उड्या मारतो, कधी शेकड्यांत जातो.

हे कशामुळे होते? मोटरीच्या फिरत्या भागाला तांब्याच्या पट्ट्यांची एक गोल चकती असते, कम्युटेटर. दोन बाजूंनी कार्बन तिच्यावर घासत राहतात आणि गुंडाळीला करंट देतात. कार्बन झिजतो, त्याची काळी भुकटी पट्ट्यांमधल्या फटीत बसते, वितळलेल्या ग्रीसची वाफ तिच्यावर थर चढवते. दाराची मोटर दिवसभरात मोजके अर्धे-अर्धे सेकंद चालते. सतत फिरणाऱ्या पंख्याच्या मोटरीत पृष्ठभाग घासून स्वच्छ राहतो. इथे तसे होत नाही. थोडक्यात, कमी वापर हेच तिच्या दुखण्याचे एक कारण आहे.

मोटर उघडता येते. मागचे झाकण डब्याच्या पत्र्याचे दोन-तीन कान वाकवून धरलेले असते. ते बारीक स्क्रू ड्रायव्हरने उचलले की झाकण निघते. इथे घाई केली तर कार्बन धरणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि काम संपते. मोटरीवर हातोडी चालवू नये, आतली चुंबके ठिसूळ असतात. कम्युटेटर कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, हजार नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने हलकेच उजळवावा आणि फटींतली भुकटी सुईने काढावी. झाकण परत बसवताना दोन्ही कार्बन बाहेरच्या बाजूला दाबून धरावे लागतात. कागदाची अरुंद पट्टी त्यांच्यामध्ये सारून झाकण बसले की ती ओढून घेतात. कार्बन संपलेच असतील तर मोटर बदलणे श्रेयस्कर. पुण्यात त्यासाठी नाना पेठेत सुटे भाग आणि तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक सामान शोधता येते. मुंबईत जुन्या गाड्यांच्या सामानाला कुर्ला. नवी मोटर घेताना दांड्याची जाडी, लांबी आणि त्यावरची चकती जुन्याशी जुळवावी. चकती एका दाताने कमी असली तरी गिअर खाल्ला जातो.

झाकणात आणखी एक छोटी वस्तू असते, आणि तिच्याबद्दल चुकीचे सल्ले फार फिरतात. काळपट रंगाची ती चपटी चकती म्हणजे पीटीसी थर्मिस्टर, बेरियम टायटॅनेट या सिरॅमिक पदार्थाची. थंड असताना तिचा रोध नगण्य. साधारण १२० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचली, की रोध हजारो पटींनी चढतो आणि करंट जवळपास थांबतो. थंड झाली की पुन्हा पूर्ववत. कुलूप अडकले, रिले चिकटला आणि मोटर जागच्या जागी करंट पीत राहिली तर तिला जळू न देणारी हीच राखणदार. वय झाले की तिच्या टोकांचा स्पर्श बिघडतो आणि थंड असतानाही रोध वाढलेला राहतो. शिवाय उन्हात दार आतून आधीच तापलेले, म्हणून ती लवकर हात आखडते. दुपारी रुसणाऱ्या खुंटीचे कोडे पुष्कळदा इथे सुटते.

मग काही जण ती चकती काढून तिथे तारेचा तुकडा जोडतात. कुलूप नव्यासारखे चालते, यात शंका नाही. पण ज्या दिवशी रिले चिकटेल त्या दिवशी प्लॅस्टिकच्या कवचातली मोटर तापत जाईल आणि तिला थांबवणारे काही उरणार नाही. एका मोटरीचा करंट मोठ्या फ्यूजला उडवण्याइतका नसतो, त्यामुळे फ्यूजवरही भिस्त ठेवता येत नाही. टोके स्वच्छ करावीत. भागले नाही तर पीटीसी असलेलीच नवी मोटर घालावी. तारेचा तुकडा लावून देणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावे.

राहता राहिला ड्रायव्हरच्या दारातला पाच वायरींचा प्रकार. काही गाड्यांत कुलपे आपोआप लागतात, उघडतात, पुन्हा लागतात, कधी रात्री उभ्या गाडीत. लोक रिलेचा डबा बदलतात, अलार्म काढून टाकतात. पण किटच्या मोटरीची सळई एका स्क्रूने चिमटीत धरलेली असते, आणि तो स्क्रू सरकला की मोटर पूर्ण पल्ला गाठत नाही. आतला स्विच मधल्या जागी लोंबकळत राहतो आणि डब्याला एकदा लावा, एकदा उघडा अशा उलटसुलट खबरा जातात. खुंटी पूर्ण खाली ठेवून सळई पुन्हा घट्ट केली आणि दोन्ही टोकांना स्विच नीट बसतो का पाहिले, तर बहुतेक वेळा हा खेळ थांबतो. स्विचची टोके काळवंडली असतील तर तीच मोटर बदलावी, बाकीच्या तिघींना हात लावायचे कारण नाही.

पॅड परत लावण्याआधी पॉलिथीनचा कागद पुन्हा चिकटवायचा आहे, आणि तो शोभेचा नाही. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचे पाणी दाराच्या आत येणे हे रचनेत गृहीतच धरलेले असते. ते पत्र्याच्या आतून ओघळून दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून बाहेर पडते आणि कागद ते पॅडवर, पायांवर येऊ देत नाही. कोकणात उभ्या राहणाऱ्या गाडीत ही भोके चिखलाने आणि कुजलेल्या पाल्याने बुजतात, पाणी आत साचते आणि मोटर, कपलर, कुलूप सगळे ओलसर हवेत गंजत राहते. मे महिन्यात एक बारीक तार घेऊन चारही दारांच्या खालच्या कडा तपासाव्यात, आणि बाटलीभर पाणी काचेवर ओतून ते त्या भोकांतून खाली येते का, हे वाकून पाहावे.